एम.फिल., समुपदेशन की समाजकार्य? मानसिक आरोग्याच्या कामासाठी कोणती वाट धरावी?

द्राक्षवेल | १६ मार्च २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. मी निफाड तालुक्यातली. पुण्यात राहून मानसशास्त्रात एम.ए. करते आहे आणि शेवटच्या सत्राची परीक्षा मे महिन्यात आहे. पुढे काय करायचे हे ठरवण्यासाठी मला या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

क्लिनिकल सायकॉलॉजीचे, म्हणजे मनोविकारांची तपासणी आणि मानसोपचार शिकवणारे, एम.ए.नंतरचे दोन वर्षांचे एम.फिल. करायचे असे मी दोन वर्षांपूर्वीच मनाशी ठरवले होते. मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवीच बंद केली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क (मनोरुग्ण व त्यांच्या कुटुंबांबरोबरचे समाजकार्य) या दोन अभ्यासक्रमांना २०२५-२६ या शैक्षणिक सत्रापर्यंत मुदत मिळाली आहे, म्हणजे या वर्षीचा प्रवेश हुकला तर ही वाट माझ्यासाठी संपते. वर्गातल्या सगळ्यांची यामुळे घालमेल चालली आहे. जो तो मिळेल त्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरतो आहे.

माझी अडचण थोडी वेगळी आहे. गेल्या उन्हाळ्यात एका जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात मी सहा आठवडे प्रशिक्षणार्थी होते. तेथे चाचण्या घेण्यापेक्षा रुग्णाच्या घरी जाऊन घरातल्यांशी बोलण्यात माझे मन अधिक रमले. त्यामुळे आपण क्लिनिकलच्या मागे केवळ नावासाठी तर लागलो नाही ना, अशी शंका येऊ लागली आहे. समाजकार्याची पदवी घ्यावी का, या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेने आणलेल्या नव्या एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजीला पुन्हा पहिल्यापासून बसावे का, की समुपदेशक म्हणून काम सुरू करून हळूहळू शिकावे? घरी द्राक्षबाग आहे आणि गेले दोन हंगाम वाईट गेले आहेत, म्हणून पैशाचाही विचार करावा लागतो.

भीमाकाठ | १६ मार्च, रात्री ११.०५

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि सोलापुरात बारा वर्षे काम करतो. एम.फिल.ची दोन वर्षे म्हणजे नेमके काय, हे आधी सांगतो, कारण माहितीपत्रके वाचून त्याची कल्पना येत नाही.

सकाळी ओपीडीत नवीन रुग्णाची हिस्टरी घ्यायची, दुपारी वॉर्डात जायचे, संध्याकाळी चाचण्यांचे गुणांकन करून अहवाल लिहायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच अहवाल सुपरव्हायझरकडून लाल शाईने भरून परत घ्यायचा. माझ्या पहिल्या केसची हिस्टरी मी चार वेळा लिहिली होती. तुम्ही रुग्णाच्या पत्नीला एकही प्रश्न विचारलेला नाही, एवढेच मॅडम दर वेळी म्हणायच्या, आणि मी तरीही भाषाच सुधारत बसायचो. चौथ्या वेळी मी त्या बाईंशी बोललो आणि आजार दोन वर्षांचा नसून नऊ वर्षांचा आहे हे कळले. ही शिकवण कोणत्याही पुस्तकातून मिळाली नसती.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. या वर्षी दार उघडे आहे तर ते ठोठावावे. एम.ए.ला ५५ टक्के गुण असतील आणि प्रवेश परीक्षेची तयारी असेल, तर सरकारी संस्थांचे अर्ज आधी भरावेत. बंगळूरचे निम्हान्स, रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, दिल्लीचे इहबास आणि पुण्यातली महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था या ठिकाणी शुल्क कमी असते आणि रुग्णसंख्या मोठी असते. खासगी विद्यापीठांत शुल्क काही लाखांच्या घरात जाते, याचा विचार बागेच्या हिशेबासह करावा लागेल.

रानजाई | १७ मार्च, सकाळी ८.१५

भीमाकाठ यांचा अनुभव मोलाचा आहे, परंतु त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही.

मी ठाण्यात एका शाळेत चौदा वर्षे समुपदेशक आहे. माझ्याकडे समुपदेशन मानसशास्त्रातली एम.ए. आहे, एम.फिल. नाही. मनोविकाराचे निदान करणे हे माझे काम नाही आणि मी ते कधी करत नाही. पण आठवीतली मुलगी तीन आठवडे डबा न खाता परत नेते हे ज्या माणसाला सर्वांत आधी दिसते, ती व्यक्ती रुग्णालयात बसलेली नसते. क्लिनिकल ही वरची पायरी आणि समुपदेशन ही खालची, असे आपल्या महाविद्यालयांत नकळत शिकवले जाते. त्यामुळे ज्यांचा पिंड शाळेचा किंवा समाजातल्या कामाचा आहे, अशा कितीतरी मुली दोन-तीन वर्षे प्रवेश परीक्षा देत राहतात आणि शेवटी खचतात.

द्राक्षवेल, घरी जाऊन बोलण्यात मन रमले असे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. ते वाक्य कमी महत्त्वाचे समजू नका.

जुनी_वही | १७ मार्च, सकाळी ८.४०

रानजाई यांच्याशी शंभर टक्के सहमत.

कलमवाली | १७ मार्च, सकाळी १०.३०

मी वकील आहे आणि माझे बरेचसे काम अपंगत्व व मानसिक आरोग्य कायद्यांशी संबंधित आहे. आवड आणि पिंड यांची चर्चा जरूर व्हावी, पण कायद्याची चौकट आधी समोर असली तर पुढचा गोंधळ टळेल.

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ याखाली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम १३ मध्ये आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या दोन प्रकारे केली आहे. पहिल्या प्रकारात पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेची क्लिनिकल सायकॉलॉजीतली मान्य अर्हता पुरते. दुसऱ्या प्रकारात मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. लागते. सांगण्याचा मुद्दा असा की कायद्यात एम.फिल. हा शब्द आहे म्हणून ती पदवी गेली की सारेच संपले, असा अर्थ काढण्याचे कारण नाही. परिषदेने मान्य केलेला नवा अभ्यासक्रम पहिल्या प्रकारात बसू शकतो. प्रवेश घेण्यापूर्वी त्या विशिष्ट संस्थेला त्या विशिष्ट वर्षासाठी मान्यता आहे का, हे परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः पाहावे. महाविद्यालयाच्या कार्यालयातून मिळालेल्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

रानजाई यांच्या क्षेत्रासाठीही आता कायदा आहे. राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ याच्या अनुसूचीत वर्तणूक आरोग्यविज्ञान हा गट आहे आणि त्यात पुनर्वास परिषदेखाली न येणारे मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्यकर्ते येतात. समुपदेशनाला कोणतीही नोंदणी नाही, कोणीही पाटी लावावी, ही स्थिती फार काळ राहणार नाही असे धरून चालावे.

वाटसरू_४१ | १७ मार्च, दुपारी १.२०

मान्यता असणे आणि शिकवले जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मी स्वतः भोगले आहे. मी एका खासगी संस्थेत एम.फिल. केले. संस्थेला मान्यता होती आणि कागदपत्रे चोख होती. प्रत्यक्षात मात्र बाह्यरुग्ण विभागात दिवसाला तीन-चार रुग्ण यायचे आणि आम्ही आठ जण त्यांच्याभोवती बसायचो. सुपरव्हायझर आठवड्यातून एकदा येऊन आमच्या अहवालांवर सह्या करायचे, आणि त्यातले बरेच रुग्ण त्यांनी पाहिलेलेही नसत. वडिलांनी कर्ज काढून साडेपाच लाख रुपये भरले होते. नोंदणी झाल्यावर पहिल्या नोकरीत माझ्यासमोर उन्मादाच्या अवस्थेतला रुग्ण आला, तेव्हा अशा रुग्णाशी मी त्याआधी कधीच बोललो नव्हतो. माझ्या वरिष्ठांनी मला नोकरीत सहा महिने नव्याने शिकवले, म्हणून मी आज उभा आहे.

म्हणून अर्ज भरण्याआधी त्या संस्थेतल्या सध्याच्या विद्यार्थ्याला गाठून तीनच गोष्टी विचारा. वॉर्डात खाटा किती आहेत, सुपरव्हायझर तुमच्या केसवर आठवड्यातून किती तास बोलतात, आणि ते रुग्णाला स्वतः भेटतात का?

सातपुडा | १७ मार्च, रात्री १०.१०

मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, पुण्यात केले आणि एम.फिल. आसाममधल्या तेजपूरच्या संस्थेत. मूळची धुळ्याची असल्याने ब्रह्मपुत्रेच्या काठी पहिले तीन महिने असमिया शिकण्यातच गेले.

द्राक्षवेल, एक गोष्ट कोणी तुला सांगितलेली दिसत नाही. घरभेट आणि कुटुंबाबरोबरचे काम हा आमच्या शाखेचा गाभा आहे, पण २०१७ च्या कायद्याप्रमाणे सायकियाट्रिक सोशल वर्कर होण्यासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे एम.फिल. लागते. तुझी एम.ए. मानसशास्त्रातली आहे. आज तू एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेतलास तर ते २०२७ मध्ये पूर्ण होईल, आणि आमच्या एम.फिल.ची मुदतही २०२५-२६ पर्यंतच आहे. म्हणजे त्या नावाची पाटी लावण्याची वाट तुझ्यासाठी आज तरी दिसत नाही. तुझा उत्साह मोडायचा नाही, पण दोन वर्षे घालवल्यावर हे कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

अर्थात नुसत्या एम.एस.डब्ल्यू.नेही समाजात करण्याजोगे पुष्कळ काम मिळते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची परंपरा १९३६ पासूनची आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. पण तुला पदवी बदलायची आहे की कामाची जागा बदलायची आहे, हे आधी ठरव. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने रुग्णाच्या घरी जाऊ नये असे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही. आमच्या विभागातल्या क्लिनिकलच्या एक मॅडम दर शनिवारी माझ्याबरोबर गावात येत असत.

निशिगंधा_परिचारिका | १८ मार्च, सकाळी ७.००

नर्सिंगचा उल्लेख कोणीच केला नाही म्हणून लिहिते. मनोरुग्णालयात रुग्णाबरोबर रात्रभर कोण असते, तर परिचारिका. मानसिक आरोग्य परिचारिका हा २०१७ च्या कायद्याने मान्य केलेला व्यवसाय आहे आणि सायकियाट्रिक नर्सिंगमध्ये एम.एस्सी. करता येते. द्राक्षवेलसाठी ही वाट नसली तरी हा धागा वाचणाऱ्या बारावीच्या मुलींनी ती लक्षात ठेवावी.

पैलतीर | १८ मार्च, सकाळी ११.४५

मी कॅलिफोर्नियात राहते. चाळिशीत येथे एम.एस.डब्ल्यू. केले आणि आता परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून स्वतंत्रपणे थेरपी देते. पदवीनंतर परवान्यासाठी मला ३,००० तास देखरेखीखाली काम करावे लागले. लग्न व कुटुंब समुपदेशकाच्या परवान्यालाही येथे तेवढेच तास लागतात.

हे लिहिण्याचे कारण असे की भारतातल्या माझ्या भाच्या इंटरनेटवर अमेरिकेतले सल्ले वाचून एम.एस.डब्ल्यू. म्हणजे थेरपिस्ट होण्याचा स्वस्त आणि सोपा मार्ग, असे समजून बसतात. येथे ते बऱ्याच अंशी खरे आहे, कारण येथे त्या पदवीवर क्लिनिकल परवाना उभा आहे. भारतात तशी रचना नाही, हे सातपुडा यांनी वर सांगितलेच आहे. मात्र एक गोष्ट दोन्हीकडे सारखी दिसते. पदवी काहीही असो, माणूस घडतो तो देखरेखीखालच्या तासांत.

द्राक्षवेल | १८ मार्च, रात्री ९.३०

सर्वांचे मनापासून आभार. कलमवाली आणि सातपुडाताई, तुम्ही सांगितलेले मला खरोखरच माहीत नव्हते. आमच्या वर्गात एम.एस.डब्ल्यू. करून नंतर एम.फिल. करण्याचे बेत आखणाऱ्या दोघी आहेत, त्यांना मी हा धागा पाठवला आहे.

सातपुडाताईंचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता, म्हणून घरभेटीत मला काय आवडले ते नीट आठवून लिहिते. एका काकांना संशयाचा आजार होता. ते ओपीडीत एक शब्द बोलत नसत. घरी गेलो तर ते गोठ्यात होते आणि गाईच्या अंगावरून हात फिरवत अर्धा तास बोलले. त्यांना दीड वर्ष वेगवेगळ्या देवस्थानांत फिरवले होते आणि ते सांगताना त्यांच्या पत्नीला अपराधी वाटत होते. मला त्या वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. काकांच्या बोलण्यातले आजाराचे काय आणि स्वभावाचे काय हे ओळखण्याची जाण हवी होती, आणि काकूंशी काय बोलावे हे शिकवणारे कोणीतरी सोबत हवे होते. दोन्ही नव्हते. मी फक्त ऐकले आणि घरी येऊन रडले.

मळवट | १८ मार्च, रात्री ११.५५

द्राक्षवेल, बाळा, मी या क्षेत्रातली नाही. माझ्या मुलाला सतरा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. तुम्हा सगळ्यांच्या पदव्या मी टेबलाच्या अलीकडून पाहिल्या आहेत, म्हणून लिहावेसे वाटले.

डॉक्टरांच्या औषधाने त्याला ऐकू येणारे भासाचे आवाज कमी झाले. ते झाले नसते तर पुढचे काहीच झाले नसते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंनी त्याच्या चाचण्या केल्या आणि त्याची बुद्धी शाबूत आहे, पण एका वेळी दोन सूचना त्याला पेलत नाहीत, हे आम्हाला समजावून सांगितले. तोपर्यंत तो मुद्दाम ऐकत नाही असे समजून त्याचे वडील त्याच्यावर ओरडत असत. त्यानंतर रुग्णालयातल्या समाजसेविका बाई घरी येऊ लागल्या. त्यांनी मला उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस लिहून काढायला लावला आणि मी त्याच्यावर दिवसातून किती वेळा टीका करते ते मोजायला सांगितले. पहिल्या दिवशी आकडा एकेचाळीस आला. त्या बाई मला एका अक्षरानेही रागावल्या नाहीत. अपंगत्वाचे प्रमाणपत्रही त्यांनीच मिळवून दिले.

या तिघांपैकी कोणाची पदवी मोठी, हे मला सांगता येणार नाही. पण ते तिघे एकमेकांशी बोलत असत आणि आम्हाला एकच गोष्ट सांगत असत, म्हणून आम्ही तरलो. त्याआधीच्या पाच वर्षांत आम्हाला भेटलेली माणसेही शिकलेलीच होती, पण प्रत्येक जण वेगळे सांगत असे.

भीमाकाठ | १९ मार्च, सकाळी ६.५०

मळवट ताई, आपला प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे. आपली परवानगी असावी.

मळवट | १९ मार्च, सकाळी ९.१०

अवश्य वाचून दाखवा. मुलाचे नाव लिहिलेले नाही, त्यामुळे हरकत नाही.

तेरेखोल | १९ मार्च, दुपारी ३.००

मी पेडण्याची. गोव्यात संगथ ही संस्था १९९६ पासून काम करते. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींचे मानसोपचार देण्याचा प्रयोग झाला आणि ते उपचार देणाऱ्या व्यक्ती मानसशास्त्राच्या पदवीधर नव्हत्या. त्या प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक होत्या. त्याचे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि नेहमीच्या उपचारापेक्षा त्या रुग्णांना अधिक फायदा झाल्याचे त्यातून दिसले.

याचा अर्थ पदवी नको असा काढू नये. त्या समुपदेशकांच्या भेटी ध्वनिमुद्रित होत, त्या सगळ्या एकत्र बसून एकमेकींच्या भेटी ऐकत आणि ठरलेल्या निकषांवर गुण देत. आपण रुग्णाशी कसे बोललो हे दुसऱ्याने ऐकणे आणि त्यावर स्पष्ट बोलणे, ही पद्धत एम.ए.च्या वर्गात मला कधी दिसली नाही. पैलतीर म्हणतात ते तास केवळ मोजण्याचे नसतात. त्या तासांत कोणीतरी आपले ऐकायला हवे.

माणदेशी | १९ मार्च, सायंकाळी ६.२५

थोडे वेगळे, पण विषयाशी जोडलेले लिहितो. मी मनोविकारतज्ज्ञ आहे, सातारा जिल्ह्यात दवाखाना आहे. माझ्याकडे कामाला येणारे एम.फिल. आणि एम.ए. झालेले तरुण इंग्रजीत उत्तम लिहितात, पण रुग्ण म्हणतो “काळजात धस्स होतं”, “डोक्यात मुंग्या येतात”, “जीव कुठंच लागत नाही”, तेव्हा ते मनात त्याचे इंग्रजी करू पाहतात आणि त्या गडबडीत पुढचा प्रश्न विसरतात. “बाहेरचं झालंय” हे वाक्य भ्रमाचे लक्षण म्हणून नोंदवायचे की घरातल्या सर्वांची ती समजूत आहे म्हणून नोंदवायचे, याचा निर्णय भाषा आणि गाव ठाऊक असल्याशिवाय होत नाही. बिने-कामत बुद्धिमापन चाचणी फार पूर्वी मराठी आणि कन्नड मुलांसाठी प्रमाणित झाली होती, हेसुद्धा अनेकांना सांगावे लागते.

द्राक्षवेल, तुम्ही गोठ्यात अर्धा तास ऐकलेत, तेव्हा काकांचे शब्द लिहून ठेवलेत का? ठेवले असतील तर ती वही जपून ठेवा. प्रशिक्षण कोठेही घ्या, रुग्णांचे शब्द त्यांच्याच भाषेत लिहिण्याची सवय मोडू देऊ नका.

रानजाई | १९ मार्च, रात्री ८.००

माणदेशी डॉक्टरांशी पूर्ण सहमत. शाळेतही हेच घडते. मूल “बोअर होतंय” म्हणते, आणि त्या एका शब्दामागे कधी कंटाळा असतो, कधी भीती, तर कधी घरातली उपासमार.

भीमाकाठ यांच्याशी माझा मतभेद होता, पण गोठ्याचा प्रसंग वाचल्यावर मला माझे मत थोडे बदलावे लागते आहे. द्राक्षवेलला जी जाण कमी पडली ती क्लिनिकल प्रशिक्षणातच मिळते. तिने प्रयत्न करावा. मात्र नाही जमले तर आयुष्य हुकले असे मानू नये, हे मी पुन्हा सांगेन.

कोयनेचे_पाणी | २० मार्च, दुपारी १२.१५

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते आणि दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. या धाग्यावर माझ्यासारख्यांसाठी काही सांगता येईल का? दोन वर्षे पूर्णवेळ रुग्णालयात जाणे मला शक्य नाही.

सातपुडा | २० मार्च, रात्री ९.००

कोयनेचे_पाणी, दूरस्थ एम.ए.ने विषय चांगला कळतो, पण रुग्णासमोर बसण्याची तयारी त्यातून होत नाही. हे कटू वाटले तर माफ करा. तुम्ही पदवी पूर्ण करा आणि सोबत शनिवार-रविवारी एखाद्या स्वमदत गटात किंवा हेल्पलाइनच्या प्रशिक्षणात सहभागी व्हा. बँकेतल्या माणसाला कर्ज थकलेल्या शेतकऱ्याशी बोलावे लागते. त्या खुर्चीवर बसून ऐकता येणारी व्यक्ती असणे ही लहान गोष्ट नाही.

द्राक्षवेल | ७ सप्टेंबर २०२५, सायंकाळी ७.३०

जवळजवळ सहा महिन्यांनी हा धागा वर आणते आहे. पुढे काय झाले हे कळवणे माझे कर्तव्य आहे.

मी चार ठिकाणी प्रवेश परीक्षा दिल्या. दोन सरकारी संस्थांत लेखी परीक्षेत नाव आले आणि मुलाखतीत राहिले, त्यांपैकी एका ठिकाणी प्रतीक्षा यादीत पाचवी होते. एका खासगी संस्थेत जागा मिळाली. बाबा कर्ज काढायला तयार होते, बँकेत जाऊनही आले होते. वाटसरू_४१ यांचे तीन प्रश्न मी तिथल्या एका विद्यार्थिनीला फोन करून विचारले. खाटांच्या प्रश्नावर ती गप्प झाली, आणि सुपरव्हायझर रुग्णाला भेटतात का, यावर म्हणाली की ते मी फोनवर कसे सांगू. मी ती जागा सोडली. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबांनी फक्त एवढेच विचारले की तुझ्या मनाला पटले आहे ना.

सध्या नाशिक जिल्ह्यात एका स्वयंसेवी संस्थेच्या प्रकल्पात समुपदेशक म्हणून काम करते. पगार थोडा आहे. आठवड्यातले चार दिवस गावांत जाते, एक दिवस कार्यालयात असते. संस्थेशी जोडलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट महिन्यातून एकदा येतात आणि त्या दिवशी आम्ही सहा जणी आमच्या केस मांडतो. निदान आणि चाचण्या मी करत नाही, शंका आली की जिल्हा रुग्णालयात पाठवते किंवा १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक देते. पुढच्या वर्षी पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी अर्ज करायचा विचार आहे. पुन्हा एम.ए. म्हणून घरी सर्वांना विचित्र वाटते, पण कलमवाली यांनी समजावल्यामुळे मी ते घरी नीट सांगू शकले.

कोयनेचे_पाणी | ७ सप्टेंबर, रात्री ८.१०

द्राक्षवेल, फार छान वाटले वाचून. माझ्याकडचीही बातमी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्टमध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवणे २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून थांबवायला सांगितले आहे. माझा प्रवेश त्याआधीचा आहे. पण माझ्या दोन मैत्रिणी या वर्षी प्रवेश घेणार होत्या, त्यांचे काय?

कलमवाली | ७ सप्टेंबर, रात्री ९.२५

२०२१ च्या आयोग अधिनियमाखाली जे आरोग्यविषयक अभ्यासक्रम येतात, त्यांत मानसशास्त्र आहे, म्हणून हा निर्णय झाला. आपल्या मैत्रिणींना आता नियमित पद्धतीचीच पदवी घ्यावी लागेल. नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या स्त्रियांवर याचा भार पडणार, हे मला मान्य आहे आणि त्याचे वाईटही वाटते. तरीही रुग्णाशी संबंध येणारी विद्या घरी आलेल्या पुस्तकांतून पूर्ण शिकता येत नाही, या मागच्या विचाराला माझा विरोध नाही. विद्यापीठांनी सायंकाळचे नियमित वर्ग काढावेत, अशी मागणी मात्र आपण सर्वांनी करायला हवी.

वाटसरू_४१ | ७ सप्टेंबर, रात्री १०.४०

द्राक्षवेल, माझ्या वडिलांचे कर्ज फिटायला सहा वर्षे लागली. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

सातपुडा | ८ सप्टेंबर, सकाळी ७.१५

महिन्यातून एकदा हे फार कमी आहे, द्राक्षवेल. आठवड्याला वीस घरांत जाणाऱ्या मुलीला महिनाभर आपल्या शंका मनात ठेवून फिरावे लागू नये. मी गुरुवारी रात्री आठनंतर मोकळी असते. तासभर फोनवर बोलू. एका वेळी एकच केस घे आणि नाव, गाव काहीही सांगू नकोस. काय झाले ते न सांगता आधी तू काय विचारलेस आणि त्यांनी काय उत्तर दिले, ते शब्दाला शब्द लिहून आण.

द्राक्षवेल | ८ सप्टेंबर, सकाळी ७.४०

ताई, गुरुवारी नक्की. गोठ्यातल्या काकांपासून सुरू करू का? त्यांचे शब्द वहीत आहेत.